दाखला हक्काचा, आभार भाऊचे

मी गेली नऊ वर्षं आमच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. अमळनेर तालुक्यातलं, तापीकाठच्या बाजूचं गाव. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहितेय ते वाचून कोणाला वाईट वाटायला नको, आणि खान्देशातल्या कुठल्याही गावाचं नाव तिथे घातलं तरी गोष्ट फारशी बदलणार नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, मतदार यादीत नाव टाकणं नाहीतर दुरुस्त करणं, सगळं लोक माझ्याकडे घेऊन येतात. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक थंब मशीन आणि लाईट गेली की दोन तास खेचणारा इन्व्हर्टर. निवडणुका आल्या की टीव्हीवर सगळे विचारतात की लोक असे नेते का निवडून देतात, मला ह्या खुर्चीवर बसून त्याचं जेवढं उत्तर सापडलं तेवढं आज लिहून टाकते, बरेच दिवस मनात होतं.

जूनमधली गोष्ट आहे. अॅडमिशनचे दिवस, सेंटरवर पाय ठेवायला जागा नाही. एक बाई मुलीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आल्या. मी तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार सगळं स्कॅन करून अर्ज टाकला आणि पावतीवर निळ्या पेनने मोठ्या अक्षरात पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून दिली. हे मी प्रत्येकाला लिहून देते. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला, त्यात उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे, मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं आणि चुकारपणा करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड लागू शकतो. मी त्यांना सांगितलं, मावशी, कोणाकडे जायची गरज नाही, ह्या तारखेच्या आत होऊन जाईल.

नवव्या दिवशी दाखला आला. मी प्रिंट काढून हातात दिली, त्यांनी कागद कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "भाऊनी फोन कया म्हनीसन दाखला भेटना." म्हणजे भाऊने फोन केला म्हणून दाखला मिळाला, आणि भाऊ म्हणजे आमच्याकडचा एक पुढारी.

मी पुन्हा कायदा सांगायला लागले, त्या लहान मुलाचं ऐकून घ्यावं तसं मान हलवत राहिल्या. संध्याकाळी त्या भाऊचं व्हॉट्सॅप स्टेटस बघितलं तर त्यात ह्याच मावशी, मुलगी, मधे भाऊ, तिघांच्या हातात मिळून तो एक कागद, वर लिहिलेलं, गरीब विद्यार्थिनीला तातडीने दाखला मिळवून दिला. मावशींच्या दुसऱ्या हातात माझी पावती होती. फोटो मोठा करून बघितला तर निळ्या पेनची तारीख स्पष्ट वाचता येत होती, मुदत संपायला अजून सहा दिवस बाकी होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, राग मावशींचा नव्हता. त्यांच्या थोरल्या मुलाच्या वेळी, तेव्हा माझं सेंटर नव्हतं, त्यांनी एका ऑफिसच्या महिनाभर चकरा मारल्या होत्या, कधी सर्व्हर डाऊन, कधी साहेब मीटिंगला, शेवटी फी माफीची तारीख गेली आणि पोरगं कॉलेज सोडून सुरतला साड्यांच्या मार्केटमध्ये कामाला लागलं. ज्या बाईने हे भोगलंय तिने कायद्यावर विश्वास ठेवून पंधरा दिवस शांत बसावं आणि भाऊला फोन करू नये असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या हिशोबाने तिने बरोबर केलं, एक पोरगं कायद्याच्या भरवशावर गेलं, दुसऱ्या पोरीसाठी तिने दोन्ही दरवाजे ठोठावले, आणि जो दरवाजा उघडल्याचा आवाज तिला ऐकू आला तो भाऊचा होता. आता पुढच्या निवडणुकीत ती भाऊला मत देणार, तिच्या घरातली चार मतं देणार, आणि ह्याला अडाणीपणा म्हणणारे लोक मला आवडत नाहीत.

पण मग त्या भाऊने नक्की केलं काय? नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत, विधानसभेत बसून जे काम करायचं असतं त्यातलं काहीच नाही. ऑफिसमधला माणूस जे काम पगार घेऊन करतो ते काम त्याने आपल्या नावावर लावलं. आणि ह्यातली सगळ्यात वाईट बाजू अशी की ऑफिस व्यवस्थित चालायला लागलं तर भाऊचं नुकसान आहे. दाखला आपोआप मिळायला लागला तर फोन कोण करेल, फोन नाही तर आभार नाहीत, आभार नाहीत तर मतं कुठून येतील. माझ्या गावात, माझ्या तालुक्यात मला हे रोज दिसतं. हक्काची गोष्ट आपण उपकार म्हणून घेतो आणि उपकार फेडायला आपल्याकडे मत सोडून दुसरं काही नसतं, मग आपण तेच देतो.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण मी दर वर्षी संविधान दिनाच्या आदल्या दिवशी वाचते. त्यातलं राजकारणातल्या भक्तीबद्दलचं वाक्य सगळ्यांना माहीत आहे, भक्ती ही राजकारणात अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे म्हणून. पण त्याच्या जरा आधी ते कृतज्ञतेबद्दल बोलतात, त्याकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. ज्यांनी देशाची आयुष्यभर सेवा केली त्यांच्याबद्दल कृतज्ञ असण्यात चूक काही नाही पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते असं ते म्हणतात, आणि आयर्लंडच्या ओकॉनेल ह्या देशभक्ताचा दाखला देतात की स्वाभिमान विकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही आणि स्वातंत्र्य गमावून कोणतंही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला आमचं गाव डोळ्यासमोर आलं. आमच्याकडे भक्त थोडेच आहेत हो, पण ओझ्याखाली असलेले खूप आहेत. कोणाच्या बापाला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात बेड मिळवून दिलेला, कोणाच्या पोराची पोलीस स्टेशनमधून सुटका केलेली, कोणाच्या मयतीला रात्री अकरा वाजता गाडी घेऊन आलेले. माणूस हे विसरत नाही, विसरू पण नये.

माझ्या सासूबाईंचं सांगते, आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणतो. जिजी शाळेत गेल्या नाहीत पण व्यवहाराला इतक्या चोख की शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर परत देताना वाटी शिगोशीग भरून देतात. एका निवडणुकीच्या आदल्या रात्री, जिला आमच्याकडे कत्तलची रात म्हणतात, दोन जण घरी आले. मी मुलाचा अभ्यास घेत होते, बाहेर ओट्यावर आवाज आला. चिठ्ठ्या वाटायचं निमित्त, चिठ्ठीखाली पाकीट, आणि पाकीट दिल्यावर त्यांनी जिजींच्या हातावर भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवून मताचा शब्द घेतला. मी बाहेर येईपर्यंत गाडी सुरू करून पुढच्या घरी गेले पण होते.

मी जिजींवर चिडले. म्हटलं, पैसे देणं जसा गुन्हा तसाच घेणं पण गुन्हा आहे, आणि आत मशीनवर तुम्ही एकट्या असता, कोणाला कळणार आहे, तुमच्या मनाला पटेल त्याला द्या. जिजी भंडाऱ्याने पिवळा झालेला तळहात माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "शब्द दिधा शे ना मी, आते कशी फिरू?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही. कायद्याने दिलेली गुप्तता त्या पिवळ्या हाताने आधीच संपवली होती. पैसे खाऊन मत दुसऱ्याला टाका असं सल्ला देणारे व्हिडिओ फिरतात ना, ते ज्यांनी बनवले त्यांनी जिजींसारखी माणसं बघितली नाहीत. जी बाई उसन्या साखरेला बेइमान होत नाही ती शब्दाला होईल का? पैसे वाटणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो भंडारा बरोबर घेऊन फिरतो. तो तिच्या गरिबीवर जुगार खेळत नाही, तिच्या प्रामाणिकपणावर खेळतो, आणि ह्या गोष्टीचा मला पैशापेक्षा जास्त संताप येतो.

आता दुसऱ्या बाजूचं सांगते. आमच्या गल्लीत एक नाना आहेत, एस.टी.त कंडक्टर होते, चोपडा डेपोतून रिटायर झाले. आयुष्यभर रात्री तिकिटं आणि पैसे जुळवल्याशिवाय घरी गेले नाहीत, ती सवय गावात घेऊन आले. ग्रामसभेत वहीवर लिहून प्रश्न आणायचे. पंधराव्या वित्त आयोगातून किती आले, त्यातले पाण्याला आणि स्वच्छतेला किती खर्च झाले, अमुक गल्लीतली पाईपलाईन कागदावर पूर्ण आहे पण आमच्या गल्लीत खड्डा पण खणलेला नाही ते कसं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा तर दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माझ्याकडे झेरॉक्सला येणार, एक प्रत स्वतःला, एक मला ठेवायला देणार, हरवली तर असावी म्हणून. त्यांच्या त्या एका अर्जामुळे पाईपलाईन झाली, आज माझ्या घरासमोरच्या नळाला जे पाणी येतं ते त्या पाईपाचं आहे.

नाना आमच्या वॉर्डातून ग्रामपंचायतीला उभे राहिले. घरोघर गेले, हातात वही, किती निधी येतो आणि मी काय करीन ते वाचून दाखवायचे. समोरच्या उमेदवाराने धाब्यावर जेवणं दिली, सुरतला आणि नाशिकला कामाला गेलेल्या लोकांना आणायला दोन गाड्या लावल्या, आमच्याकडच्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या वर्गणीला मोठी पावती फाडली. नानांना एकसष्ट मतं पडली. समोरच्याला दोनशेच्या वर.

आणि त्या पाईपाचं पाणी भरणाऱ्या बायकांना मी नंतर विचारलं, काबर ओ, नानांना का नाही दिलं? एक जण म्हणाली, नाना चांगले आहेत पण येत-जात नाहीत. म्हणजे काय, तर लग्नाला येत नाहीत, दारावर बसायला येत नाहीत. दुसरी समोरच्या उमेदवाराबद्दल बोलली, "मानूस चांगला शे, मयतीले येस, लगीनले येस, आखो काय पाहिजे?"

हे वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं. आखो काय पाहिजे, म्हणजे अजून काय पाहिजे. आपण लोकप्रतिनिधीकडून काय मागतो ह्याची यादी केली तर ती इथेच संपते, आणि जे मागतो ते आपल्याला अगदी भरभरून मिळतं. आमच्याकडचे पुढारी दिवसाला दहा लग्नांना जातात, लग्नसराईत त्यांची गाडी चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत फिरत असते, त्यांना खरोखर झोपायला वेळ नसतो. मग बजेट कधी वाचणार, प्रश्न कधी काढणार? ते आळशी नाहीत, आपणच त्यांना ज्या परीक्षेला बसवलंय तिचा अभ्यास ते करतात.

म्हणून तर पाडळसरे धरणाबद्दल मला कोणी विचारलं की मी गप्प होते. आमच्याच तालुक्यातलं धरण, निम्न तापी प्रकल्प. नव्वदच्या दशकात सुरू झालं, माझं लग्न झालं, मुलं झाली, मुलगा दहावीला आला, धरण अजून पूर्ण नाही. सुरुवातीला दीडशे कोटींच्या आत होणारं काम आज हजारो कोटींच्या आकड्यात बोललं जातं. तापी आमच्या डोळ्यासमोरून पुढे गुजरातच्या उकाई धरणाला जाते, आणि मार्च लागला की आमच्या विहिरी तळ दाखवतात. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाच्या भाषणात पाडळसरे असतं. पण नऊ वर्षांत माझ्या सेंटरवर एकही माणूस असं म्हणत आला नाही की मला धरणाचं विचारायचंय, अर्ज कुठे करू. दाखला माझा असतो, विहीर माझी असते, विम्याचे पैसे माझ्या खात्यात येतात, धरण मात्र सगळ्यांचं, म्हणून त्याच्यासाठी भांडणं हे कोणाचंच काम होत नाही. काही लोक आहेत जे धरणासाठी आंदोलनं करतात, उपोषणाला बसतात, मी त्यांना मानते. पण मतदानाच्या दिवशी त्यांच्यामागे कोण उभं राहतं?

शहरातले नातेवाईक आले की हमखास एक बोलतात, शिकलेल्यांनाच मतदानाचा हक्क द्यायला पाहिजे, म्हणजे नेते सुधारतील. मागच्या दिवाळीला माझ्या चुलतदिराशी ह्याच्यावरून मोठा वाद झाला. २०२४ च्या लोकसभेला आमच्या शेजारच्या नंदुरबारमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, आणि दक्षिण मुंबईत पन्नासच्या जवळपास अडकलं. राज्याच्या यादीतला एक नंबरचा विधानसभा मतदारसंघ म्हणजे अक्कलकुवा, तिथे मणिबेलीसारख्या नर्मदेकाठच्या गावांना मतदानाचं पथक बोटीने जातं, डोंगरातली माणसं पायी चालत येऊन रांगेत उभी राहतात. त्यांना कोण शिकवणार लोकशाही? आणि शिकलेला माणूस काय वेगळा वागतो, त्याचं काम पाकिटाने होत नाही, बदलीच्या फोनने होतं एवढाच फरक. माझ्याकडे बदलीसाठी पत्र घ्यायला जाणारे मास्तर पण येतात.

गावाची पण सगळी बाजू घेत नाही मी. २०२१ च्या जानेवारीत नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळी आणि नाशिककडच्या उमराणे ह्या दोन गावांची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली होती, कारण सरपंचपदाची जाहीर बोली लागली होती. बोलीचा पैसा मंदिराला जाणार होता. गावाला त्यात वाईट वाटलं नसेल हे मी समजू शकते, भांडणं टळणार, देऊळ होणार, पैसा कोणाच्या खिशात जाणार नाही. पण ज्याच्याकडे बोलीचे पैसे नाहीत त्या माणसाचा उभं राहण्याचा हक्क त्या दिवशी विकला गेला, माझ्या नानांचा हक्क विकला गेला. आयोगाने केलं ते योग्यच केलं.

माझं माहेर यावल तालुक्यातलं, फैजपूरच्या जवळ. १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं होतं, पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी आले होते. माझे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. घरून बैलगाडीभर चारा आणि कडधान्याचं एक पोतं दिलं होतं, आजोबा गाडीवर बसून गेले, भाकरी घरूनच बांधून नेली. पुढाऱ्याने आपल्याला जेवू घालायचं हे त्यांना म्हातारपणी पण समजायचं नाही, म्हणायचे त्याचं खाल्लं तर मग त्याला बोलायचं कसं. तेव्हा मतदानाचा हक्क पण सगळ्यांना नव्हता, १९३७ च्या निवडणुकीत थोड्याच लोकांना मत होतं. जुना काळ फार चांगला होता असं मला म्हणायचं नाही. पण ते पोतं माझ्या डोक्यातून जात नाही. आज विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांपर्यंत खर्च करायची परवानगी आहे, आणि तो खर्च कोण देतो हे आपण विचारत नाही कारण आपण एक रुपया दिलेला नसतो. नानांच्या निवडणुकीला मी काय दिलं? पत्रकांच्या झेरॉक्सचे पैसे घेतले मी त्यांच्याकडून. दुकान आहे म्हणून घेतले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर काही गोष्टी मी बदलल्या. विधानसभेच्या वेळी आमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या साईटवरून काढली, प्रिंट मारल्या आणि ओट्यावर बसून वाचून दाखवल्या. २००२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं तेव्हापासून उमेदवाराला गुन्हे, संपत्ती, शिक्षण सगळं लिहून द्यावं लागतं, पण ते कोणी वाचतच नाही, कागद फार लांबलचक आणि भाषा कोर्टाची. पहिल्या दिवशी सात बायका होत्या, त्यातल्या दोन माझ्या घरातल्या. जमिनीच्या रकान्यावर सगळ्या थांबल्या. हेक्टरचे एकर करून सांग म्हणाल्या. केले. मग एकीने विचारलं मागच्या वेळी किती होती, तर मी मागच्या निवडणुकीचं पण काढलं, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर मला काही बोलावं लागलं नाही. एका काकांनी जाता जाता टोकलं, "ताई, तुले काय कयस राजकारणमा?" मी म्हटलं काका, मला फक्त वाचता येतं, तेवढंच करतेय.

जिजी त्या दिवशी बसल्या होत्या. मत कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. पण त्या निवडणुकीच्या आदल्या रात्री नऊलाच त्यांनी ओट्यावरचा लाईट बंद केला आणि कडी लावून घेतली, बाहेरून दोनदा आवाज आला तरी उठल्या नाहीत.

पावतीवर मी आता तारखेखाली अजून एक ओळ लिहिते, ह्या तारखेला मिळाला नाही तर अपील मी फुकट लिहून देईन. वर्षभरात चार अपिलं लिहिली, चारही कामं झाली. भाऊंची माणसं नाराज आहेत, एकदा येऊन गेली, चहा पिऊन गेली. चार अपिलं म्हणजे काहीच नाही हे मला कळतं, त्याच वर्षात फोनवर किती कामं झाली असतील ते मोजायला नको.

ग्रामसभेचं मात्र अवघड आहे. वर्षातून किमान चार व्हायला पाहिजेत, कोरमला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. आमच्याकडे मागच्या वेळी एकोणीस होती. सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी अकरा माणसांत सगळे ठराव झाले. त्याआधीच्या महिला ग्रामसभेला तर रजिस्टरच घरोघर फिरलं, बायकांनी दारात उभं राहून सह्या केल्या, पीठ लागलेल्या हाताने. माझ्याकडे पण आलं होतं. मी सही केली नाही, म्हटलं सभा घ्या, मी येते. शिपाई बिचारा उभाच राहिला. शेवटी ग्रामसेवकाने खरंच सभा लावली, आम्ही सहा जणी होतो, आणि सहा जणींनी मिळून स्मशानभूमीच्या शेडचा आणि शाळेच्या मुलींच्या संडासाचा विषय लिहून घ्यायला लावला. संडासाचं काम सुरू आहे, दरवाजे अजून बसले नाहीत.

नाना पुढच्या वेळी उभे राहणार नाही म्हणतात. गुडघे दुखतात, आणि घरच्यांनी पण नको म्हटलंय. वही मात्र चालू आहे. पुढच्या सभेसाठी त्यांनी तीन प्रश्न काढलेत, दोन ते विचारणार, एक मला दिलाय. सभा सकाळी दहाला आहे, तेव्हा गावातल्या ज्यांचे फॉर्म बाकी आहेत त्यांनी दुपारी एकनंतर यावं, तोपर्यंत सेंटर बंद राहील. मी पंचायतीसमोरच असेन, तिथेच भेटा.